अंधारात उभी ट्रॉली, भावाचा पाय आणि ‘निम्मी चूक तुमचीच’

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, तेही अडचणीत आहे म्हणून.

माझा धाकटा भाऊ, वय 34, सेंट्रिंगचं काम करतो. डिसेंबर 2024, उसाचा हंगाम ऐन भरात. तो आणि भावजय मोटारसायकलवर लग्नाहून परत येत होते. टेंभुर्णी-पंढरपूर रस्ता, रात्रीचे साडेनऊ. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं आणि ड्रायव्हर पंक्चरवाल्याला आणायला गेलेला. ट्रॉली बाजूपट्टीवर उतरवलेली नव्हती, निम्मी डांबरावरच होती. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर होता म्हणतात, पण वरून उसाचं वाढं (शेंड्याची पानं) असं लोंबत होतं की नंबर प्लेटसुद्धा दिसत नव्हती. खुणेला दोन दगड ठेवले होते, तेही ट्रॉलीपासून चार-पाच हातांवर. समोरून ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर आला, ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता. भावानं उजवीकडे काढायला बघितलं आणि डावा पाय ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळला.

गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, गुडघ्यालाही मार. दोन ऑपरेशनं झाली. आता गुडघा पुरता दुमडत नाही. उकिडवं बसता येत नाही, परांचीवर चढणं तर सोडाच. भावजयीच्या गळ्याखालचं हाड आणि मनगट मोडलं होतं, ती आता सावरली आहे.

मुदतीत दावा दाखल केला, दोघांचे वेगळे. आता विमा कंपनीची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली आहे. त्यात म्हटलंय: (1) पहिल्या दवाखान्याच्या कागदावर ‘दुचाकीवरून पडून जखमी’ लिहिलंय, म्हणजे ट्रॉलीचा संबंधच नाही. (2) हेल्मेट नव्हतं. (3) लायसन्सची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. (4) गाडी वेगात होती, त्यामुळे किमान 50 टक्के चूक त्याचीच. (5) ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीसाठी होती, भाड्यानं ऊस ओढायला नाही. फिर्यादही नऊ दिवसांनी दिली आहे, कारण आम्ही सगळे दवाखान्यात होतो.

लोकअदालतीत भावाला पाच लाखांवर मिटवा म्हणतायत. भावजयीचीही निम्मी रक्कम कापतायत. घरात दोन मतं आहेत. आई म्हणते घेऊन टाका. खरंच निम्मी चूक त्याची धरतात का?

शुभदा_बार्शी

दादा, वाचून वाईट वाटलं. सही करायची घाई करू नका, एवढंच आत्ता सांगते. सविस्तर संध्याकाळी लिहिते.

तालुकावकील

मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. तुमच्या वकिलांकडे पूर्ण फाइल आहे, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. पण ‘50 टक्के’ या शब्दानं तुम्ही खचलेले दिसता, म्हणून लिहितो.

चुकीची टक्केवारी ही किती नियम मोडले याची बेरीज नसते. प्रश्न एकच असतो: अपघात कशामुळे झाला? लायसन्सची मुदत संपली होती, कबूल. त्याचा दंड वेगळा. पण लायसन्स चालू असतं तर ट्रॉली दिसली असती का? नसती. लायसन्स नाही एवढ्यावरून चालकाला हलगर्जी ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्येच सांगितलंय. 2020 मध्ये मोटारसायकलवर तिघं बसल्याचं प्रकरण तिथं गेलं होतं. तिघं बसणं बेकायदेशीर आहेच, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवलं नाही तर भरपाईतून कपात नाही, असा तो निकाल आहे. हेल्मेटचंही तेच. मोडलाय पाय. डोक्याला खरचटलेलंही नसेल तर हेल्मेटचा मुद्दा कुठं चिकटणार?

उभ्या वाहनांबद्दल तर दोन निकाल तुमच्या वकिलांच्या टेबलावर असायलाच हवेत. 2018 च्या प्रकरणात रात्री रस्त्यात कसलाही इशारा न ठेवता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर मोटार धडकली होती. उच्च न्यायालयानं निम्मी चूक मोटारवाल्यावर टाकली, सर्वोच्च न्यायालयानं ती काढून टाकली. दुसरा 2024 चा, कर्नाटकातल्या अपघाताचा: महामार्गावर सोडून दिलेला ट्रेलर आणि मागून धडकलेली मोटार. तिथंही निम्मी कपात रद्द झाली. धोका होईल असं वाहन रस्त्यात सोडायचं नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 मध्ये आहे. मागे लाल रिफ्लेक्टर लावायचा तो दिसण्यासाठी, वाढ्याखाली झाकण्यासाठी नाही.

पण खोटी आशाही देत नाही. समोरून प्रकाश आला तर वेग कमी करायचा ही चालकाची जबाबदारी आहे, आणि आपल्या दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल इतकाच वेग हवा, असा युक्तिवाद समोरून होणारच. एखादं न्यायाधिकरण (अपघाताचे दावे ऐकणारं न्यायालय) त्यावर काही टक्के भावाकडे टाकू शकतं. मात्र समोरच्याची चूक आहे असं जो म्हणतो, सिद्धही त्यालाच करावी लागते. वेग जास्त होता हे कोण सांगणार? ट्रॅक्टरचा ड्रायव्हर तर तिथं नव्हताच!

रात्रपाळी

मी अपघात विभागात दहा वर्षं काढली आहेत. ‘पडून जखमी’ या ओळीबद्दल सांगते.

रात्री रुग्ण येतो तेव्हा तो बेशुद्ध तरी असतो नाहीतर कळवळत असतो. आम्ही आणणाऱ्याला विचारतो, ‘काय झालं?’ तो म्हणतो, ‘गाडीवरून पडलेत.’ तेवढंच कागदावर जातं. आमचं लक्ष रक्तदाबाकडं असतं, ट्रॉलीला दिवा होता का याकडं नाही. ती नोंद म्हणजे डॉक्टरनं अपघात बघून दिलेली साक्ष नव्हे. कागद नीट बघा, माहिती कुणी दिली ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

दुसरं. हाडाचं ऑपरेशन असं लहान दवाखान्यात होत नाही, पुढं पाठवतात. पुढच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर भावानं स्वतः काय सांगितलं? तो भरतीचा कागद काढा. त्याची वेळ बघा. फिर्यादीच्या आधीची, त्याच रात्रीची नोंद असेल तर तिला फार किंमत आहे.

भीमाकाठ

> दुसरा दवाखाना, भरतीचा कागद

आत्ता फाइल उघडून बसलोय. सोलापुरात नेलं होतं. भरतीची वेळ रात्री 1 वाजून 10 मिनिटं. डॉक्टरांचं अक्षर लागत नव्हतं, पुतणीनं लावून दिलं. लिहिलंय: ‘मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळल्याचा इतिहास, माहिती रुग्णाने दिली.’ हा कागद आम्ही बिलांच्या गठ्ठ्यात ठेवला होता. वकिलांना दिलाच नव्हता.

हात थरथरतोय टाइप करताना. ताई, तुमचे उपकार कसे फेडू.

तालुकावकील

उपकार राहू द्या, कागद उद्याच वकिलांकडे द्या. त्या दवाखान्याच्या रेकॉर्डसाठी समन्सचा अर्ज करायला सांगा, म्हणजे मूळ केसपेपर न्यायालयात येतील. नऊ दिवसांच्या उशिराचीही फार काळजी करू नका. घरचे आधी माणूस वाचवतील की पोलीस स्टेशन गाठतील, हे न्यायालयांना कळतं आणि निकालांत तसं लिहिलेलंही आहे.

ट्रॅक्टरवाला_माढा

माझं म्हणणं काहींना आवडणार नाही, पण मनापासून लिहितोय. माझ्या स्वतःच्या दोन ट्रॉल्या आहेत.

टायर फुटलं की भरलेली ट्रॉली हलवता येत नाही. बाजूपट्टी मऊ असली तर उतरवली की कलंडते, मग सगळा ऊस रस्त्यावर. कारखान्यावर नंबर असतो, ऊसतोड टोळीला दिलेली उचल अंगावर असते, त्यात ड्रायव्हर सलग दोन-दोन रात्री जागा. एवढं सगळं खरं असूनही त्या ड्रायव्हरनं ट्रॉली तशी सोडायला नको होती. मागं माणूस उभा करायचा, हातात बॅटरी द्यायची. कुणी नसेल तर वाढं तरी कापून टाकायचं, म्हणजे रिफ्लेक्टर उघडा राहतो. पाच मिनिटांचं काम आहे ते. गाडी भरून झाली की कोयत्यानं मागची बाजू साफ करायची, असं माझे वडील सांगायचे.

आता पॉलिसीचं. शेतीच्या पॉलिसीवर ऊस ओढणारे आमच्यात भरपूर आहेत, कारण हप्ता कमी पडतो. उद्या कंपनीनं हात वर केले तर सगळं मालकाच्या सातबाऱ्यावर येतं. तो ट्रॅक्टरमालकही आमच्यासारखाच असेल. भीमाकाठ, तुमचा राग बरोबर आहे, पण त्याला बरबाद न करता तुम्हाला पैसे मिळायचा काही रस्ता आहे का?

भीमाकाठ

दादा, राग होता. आता एवढा नाही. मालक दवाखान्यात येऊन गेला होता, बाहेर बाकावर दोन तास बसला. ड्रायव्हर तर बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. मला त्यांची जमीन नको आहे. भावाला परत उभं करायचंय, बस.

जुना_दावेअधिकारी

मी विमा कंपनीत तृतीय पक्षाचे दावे हाताळायचो, आता निवृत्त. कंपनीचं नाव घेत नाही आणि कुणी विचारू नये.

कैफियतीत ‘किमान 50 टक्के’ हे ठरलेलं वाक्य असतं. पुरावा हातात यायच्या आधीच लिहितात, कारण तेव्हा लिहिलं नाही तर पुढं मांडता येत नाही. त्याला कुणी तपासून काढलेला आकडा समजू नका. लोकअदालतीच्या आधी आमच्याकडं प्रत्येक फाइलवर एक मर्यादा ठरलेली असायची आणि पहिला देकार तिच्या बराच खाली असायचा.

आम्ही फाइलमध्ये बघायचो ते वेगळंच: घटनास्थळ पंचनाम्यात वाहनं कुठं दाखवली आहेत, दोषारोपपत्र कुणावर आहे, आणि प्रत्यक्ष बघितलेला माणूस साक्षीला येणार का. पहिल्या दोन गोष्टी दावेदाराच्या बाजूच्या असल्या आणि आमचा ड्रायव्हर साक्षीला उभा राहायला तयार नसला, तर आम्ही वर रक्कम वाढवून मागायचो. स्पष्ट लिहितोय, कारण तेव्हा समोर बसलेल्या माणसांना हे सांगायची मुभा मला नव्हती.

ट्रॅक्टरवाले दादा, तुमच्या प्रश्नाबद्दल. पॉलिसीच्या अटीचा भंग सिद्ध झाला तरी अनेक प्रकरणांत न्यायालय कंपनीला ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा हुकूम देतं. जखमीची वणवण थांबते, पण मालकावरची टांगती तलवार राहते. हंगामाआधी पॉलिसी बदलून घेणं हाच त्यातला खरा बचाव.

शुभदा_बार्शी

सकाळी म्हटलं होतं, सविस्तर लिहिते म्हणून.

आमच्या ह्यांना 2016 मध्ये जीपनं उडवलं. मांडी मोडली, रॉड टाकला. लोकअदालतीत मिटवलं. तेव्हा दोन लाख चाळीस हजार डोंगराएवढे वाटले. सही केली, चहा घेतला, घरी आलो. अडीच वर्षांनी रॉड काढायचं ऑपरेशन सांगितलं, आत जंतुसंसर्ग झाला होता. खर्च लाखाच्या पुढं गेला. वकिलांकडं गेले तर म्हणाले, लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पुढच्या उपचारांचा खर्च दाव्यात मागता येतो हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

लोकअदालत वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या जावेला तिथंच चांगली रक्कम मिळाली, सहा वर्षांचे हेलपाटे वाचले. पण दादा, रॉड आत आहे ना अजून? काढायचा खर्च किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मगच बोलणी करा.

मृण्मयी_लीड्स

इथे ब्रिटनमधली एक तुलना, कदाचित उपयोगी पडेल. इथे 1970 च्या दशकापासून सीटबेल्ट न लावणाऱ्याची भरपाई ठरावीक प्रमाणात कापतात. बेल्टमुळे इजा पूर्ण टळली असती तर 25 टक्के, नुसती कमी झाली असती तर 15, आणि काहीच फरक पडला नसता तर शून्य. म्हणजे बेल्टचा प्रश्न अपघात कुणामुळे झाला याच्याशी नाही, इजा कशामुळे वाढली याच्याशी जोडलेला. तुमच्या भावाच्या पायाला हाच तर्क लावला तरी हेल्मेटचं उत्तर शून्यच येतं.

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन शंका आहेत. एक, भावजय मागे बसलेली, तिचे पैसे का कापायचे? दोन, जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ‘डाव्या पायाचे 42 टक्के अपंगत्व’ आहे. कंपनी म्हणते, पाय 42 म्हणजे पूर्ण शरीराचे वीससुद्धा भरत नाहीत. हे खरं का? कमाई महिना पंधरा हजार धरली आहे, पण रोखीची, पावती नाही.

तालुकावकील

वहिनींचं आधी, कारण ते सोपं आहे. त्यांचे पैसे कापायचे नाहीत. त्या गाडी चालवत नव्हत्या. दोन वाहनांच्या चुकीत तिसरा माणूस जखमी झाला तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये स्पष्ट केलंय. उद्या भावाची 20 टक्के चूक ठरली तरी ट्रॅक्टरच्या बाजूनं वहिनींना पूर्ण रक्कम द्यायची, त्यांचं आपसातलं ते बघतील. नवऱ्याची चूक बायकोच्या दाव्यातून वजा होत नाही. दोन्ही दावे एकत्र मिटवायला लागले तर यावर अडून बसा.

आता 42 टक्के. कंपनी अर्धं खरं बोलतेय. पायाचं अपंगत्व आणि पूर्ण शरीराचं अपंगत्व वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालात आहे. पण त्याच निकालात पुढची पायरीही आहे, जी कंपनी सांगत नाही: शेवटी बघायची ती कमावण्याची क्षमता किती गेली ते. त्यातलंच उदाहरण घ्या. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण बुडेल, सरकारी कारकुनाची कदाचित अजिबात बुडणार नाही. तुमचा भाऊ टेबलावर बसणारा असता तर त्या गुडघ्यानं फार बिघडलं नसतं. तो फळ्या खांद्यावर घेऊन परांचीवर चढणारा माणूस आहे. हे कागदावर यायला हवं. ज्या डॉक्टरांनी तपासलंय त्यांची साक्ष हवी. हा माणूस उकिडवा बसू शकतो का, शिडी चढू शकतो का, वजन उचलू शकतो का, असं त्यांना थेट विचारायचं.

ढोबळ हिशोब करून दाखवतो. महिना 15,000, म्हणजे वर्षाला 1,80,000. स्वतःचं काम करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे. हे 2017 च्या प्रणय सेठी निकालावरून, आणि कायमचं अपंगत्व आलेल्या जखमींनाही ते लागू आहे असं 2020 मध्ये म्हटलंय. झाले 2,52,000. वय 34, सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात 31 ते 35 वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा) 16. झाले 40,32,000. कमावण्याची क्षमता 40 टक्के गेली असं मानलं तर 16,12,800. त्यात उपचाराची बिलं, बसून काढलेल्या महिन्यांची मजुरी, पुढचं ऑपरेशन, वेदना आणि आयुष्यातून हरवलेल्या साध्या गोष्टी यांची रक्कम वेगळी. वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज.

आता बघा: नुसत्या 16,12,800 मधून चुकीपोटी दर दहा टक्के गेले की 1,61,280 रुपये जातात. म्हणून त्यांना 50 चा आकडा हवा असतो.

कमाईची पावती नसणं नेहमीचंच आहे. ज्या ठेकेदाराकडं काम केलं त्याची साक्ष, त्याची हजेरीवही. तेही नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतन बघून अंदाज करतं, आणि तो अंदाज पंधरा हजारांपेक्षा खालीही येऊ शकतो. ते मनात धरून चाला.

रात्रपाळी

भावाचा फिजिओथेरपीचा कागद जपून ठेवा. गुडघा किती अंशांत दुमडतो हे त्यात दर भेटीला मोजून लिहिलेलं असतं. ‘दुमडत नाही’ म्हणण्यापेक्षा तो आकडा बोलतो.

भीमाकाठ

पाच दिवसांनी लिहितोय.

दोषारोपपत्राची नक्कल मिळाली. ते ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरवरच आहे. पंचनाम्यात ट्रॉलीचं उजवं चाक डांबराच्या कडेपासून साडेचार फूट आत दाखवलंय, आणि ‘मागील बाजूस उसाचे वाढे लोंबत असून रिफ्लेक्टर दिसून येत नाही’ असं चक्क लिहिलंय. आम्ही वर्षभर हे वाचलंच नव्हतं. ट्रॅक्टरवाले दादा, तुमची वाढ्याची गोष्ट वाचली म्हणून ती ओळ डोळ्यांत भरली.

दुसरं. भावाला आणि भावजयीला ज्यानं टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, तो माणूस सापडला. दूध गोळा करतो. शेजारच्याच तालुक्यातला. काल त्याच्याकडं गेलो. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, ‘पाव्हणं, पाय राहिला का त्याचा?’ राहिला म्हटल्यावर खाली बसला. दवाखान्यात ‘पडलेत’ असं त्यानंच सांगितलं होतं. त्याला ते रस्त्यावर पडलेलेच दिसले होते, म्हणून. ट्रॉली? ‘तिच्याच मागं पडले होते की. मीच वाढं बाजूला करून ताईंना ओढून काढलं.’

तालुकावकील

हा तुमचा साक्षीदार. पण एक ध्यानात ठेवा: जखमीला मदत करणाऱ्यावर साक्षीची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ त्याच्या संरक्षणासाठीच आहे. तो स्वखुशीनं येणार असेल तरच. काय बोलायचं ते त्याला कुणीही शिकवू नका. जे बघितलं तेवढंच, त्याच्या शब्दांत.

भीमाकाठ

येतो म्हणाला. एकच अट घातली, सकाळची वेळ नको, दहापर्यंत डेअरीवर दूध पोचवायचं असतं.

तालुकावकील

दुपारच्या सत्रात साक्ष घ्यावी अशी विनंती करता येते. साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव घालायला सांगा आणि त्या पाच लाखांना तूर्त नाही म्हणा.

भीमाकाठ

सोमवारी वकिलांकडं जातोय. आईला पंचनामा वाचून दाखवला. म्हणाली, मग थांबूया.